पिवळा कुठाय?

कुरिअरच्या पोराने स्टँडवरून फोन केला, "काका, खोकं लय मोठं हाये, गाडीवर बसत नाही, तुम्हीच या." गेलो. दोघांनी मिळून ते रिक्षात कोंबलं आणि घरी आणून ओट्यावर ठेवलं. आबा बंगईवर बसले होते. रावेर तालुक्यात दारात पुठ्ठ्याचं खोकं उतरलं की ते केळीचं असतं, 13 किलो मालाचं, आणि हे तर तसल्या दोन खोक्यांएवढं होतं. आबांनी पायाने बंगई थांबवली.

"भरेल हाये का रिकामं?"

"रिकामंच आहे," मी म्हणालो.

ते अक्षरशः खरं होतं. आत होतं संगणकाचं कॅबिनेट, म्हणजे पत्र्याचा आणि काचेचा रिकामा डबा. लेक ॲनिमेशन शिकते, सुट्टीला घरी आली होती, आणि तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून आपणच जोडायचा हे तिने पुण्यातूनच ठरवून आणलं होतं. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस अशी लहान खोकी आठवडाभर एकेक करून येत होती. हे शेवटचं आणि सर्वांत मोठं. एका बाजूला काच, आणि आत चार पंखे आधीच बसवलेले, पुढे तीन, मागे एक. पंख्यांना दिवे. रिकाम्या डब्याला हजारांत पैसे मोजले हे आबांना पटलं नाही, आणि दिव्यांचे पंखे तर मलाही नाही. पंख्याला दिवा कशाला? वाऱ्याला उजेड लागतो का?

माझा हिशेब असा की पंखे महत्त्वाचे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, केळीच्या बागेला पश्चिमेकडून आडोसा लावावा लागतो, तिथे तापणाऱ्या यंत्राला वारा हवाच. म्हणून मी आधी पंख्यांची दिशा बघायची म्हणत होतो. लेकीचं म्हणणं, आधी दिवे.

"पप्पा, बोर्ड बसला, तारा मागून ओढून बांधल्या, कार्ड लागलं, की मग एखादा पंखा काढायचा म्हणजे सगळं परत उचकटायचं. आत्ता रिकामं आहे तेव्हाच सगळे लागतायत का बघून घेऊ."

आबा मान हलवत होते. तिचं बोलणं त्यांना अर्धंच कळलं असणार, पण ते अर्धं पुरेसं होतं. "बराबर हाये तिचं," ते म्हणाले. "पह्यले वर चालवून पाह्य, मंग खाले सोड."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच्यामागे एक रात्र आहे.

आमच्या ट्यूबवेलची मोटार जळाली होती. ती गावातून भरून आणली. आमच्याकडे मोटार 'भरतात', म्हणजे तिचं वाइंडिंग नव्याने करतात. आणेपर्यंत ऊन उतरलं होतं. चार दिवसांपासून बाग पाण्यावाचून, घडांचा भार झालेला, सगळ्यांना घाई. घोडी उभी केली, चेनपुली लावली आणि मोटार खाली सोडायला घेतली. एक पाइप 20 फुटांचा. आटा बसवायचा, पान्याने आवळायचा, केबल पाइपाला पट्टीने बांधायची, सोडायचा, की पुढचा. असे 18 पाइप. मी बॅटरी धरून उभा होतो. बटण दाबलं आणि फ्यूज उडाला. नवी तार टाकली, तीही उडाली. मोटारीजवळच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलं होतं. तो सांधा बादलीभर पाण्यात बुडवून तपासायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं वाचवली म्हणून 18 पाइप रात्रीतून वर, आणि सकाळी पुन्हा 18 पाइप खाली. सांधा कोणी केला होता हे घरात कधी बोललं गेलं नाही, पण तेव्हापासून आबा कुठलीही वस्तू वर चालवून बघितल्याशिवाय खाली सोडत नाहीत. त्यांनी मिक्सर आणला तेव्हा दुकानदाराच्या टेबलावर दाणे दळून बघितले होते.

तर, आधी दिवे.

आता रिकाम्या कॅबिनेटचे दिवे लावायचे कसे? बोर्ड नाही, त्यामुळे चालू करायचं बटण बटणापुरतंच. लेकीने त्याचा उपाय शोधलेला होता. एसएमपीएसला वीज दिली तरी तो आपणहून चालू होत नाही. बोर्डाकडून इशारा यावा लागतो. त्याच्या 24 भोकांच्या मोठ्या जोडणीत एक तार त्या इशाऱ्यासाठीच असते. ती अर्थिंगच्या तारेला टेकवली की एसएमपीएसला वाटतं बोर्डानेच सांगितलं, आणि तो सुरू होतो. टेकवायला काय, कागदाला लावायची यू-पिन. पूर्वी इशाऱ्याची तार हिरवी असायची, नजर चुकायची नाही. आता सगळ्या तारा काळ्या, दिसायला छान, मोजायला वैताग. मुख्य स्विच बंद ठेवून आम्ही भोकं मोजली. मी मोजली, तिने मोजली, आकडे जुळले नाहीत, पुन्हा मोजली. यू-पिन सरळ करून दोन भोकांत घातली. कॅबिनेटच्या मागे एक छोटी पेटी होती, चारही पंख्यांच्या तारा तिच्यात येतात, तिला एसएमपीएसची एक तार जोडली.

तेवढ्यात आबांनी आतून विचारलं, "लाईट हाये का?"

मराठीत हा प्रश्न रोज लाखो घरांत विचारला जातो, आणि त्यात विचारणाऱ्याला उजेड नको असतो. लाईट म्हणजे वीज. लाईट गेली, लाईट आली, लाईटचं बिल, लाईटवाले आले. भरदुपारी उन्हात उभा राहून माणूस 'लाईट नाही' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विनोदी वाटत नाही. ज्या काळात गावात वीज म्हणजे फक्त दिवा होता त्या काळात हा शब्द चिकटला असावा, पण तो टिकला त्याला कारण आहे. वीज दिसत नाही, दिवा दिसतो. 2006-07 च्या सुमारास भारनियमनात आम्ही दिवसाचे दहा-दहा तास विजेवाचून काढले. गंमत म्हणजे भुसावळजवळ मोठं औष्णिक वीजकेंद्र, त्याच्या वसाहतीचं नाव दीपनगर, आणि आम्ही त्याच जिल्ह्यात कंदिलाच्या काचा राखेने पुसत होतो. तेव्हा घरातला एखादा दिवा मुद्दाम चालू ठेवून झोपायचं, म्हणजे लाईट आली की कळेल. शेतीची वीज आठवड्याने पाळी बदलून मिळायची, दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास. रात्रपाळीच्या आठवड्यात आबा शेतातल्या खोलीत खाटेवर पडायचे आणि झोपेतसुद्धा त्यांचं तोंड पॅनेलकडे असायचं.

त्या पॅनेलवर तीन दिवे आहेत. लाल, पिवळा, निळा. खेड्यातल्या कुठल्याही मोटारीच्या पॅनेलवर हेच तीन. तीन फेज, प्रत्येकाचा एक रंग. तिन्ही लागले तर मोटार चालू करायची. दोनच लागले तर एक फेज गेला. तशात बटण दाबलं तर मोटार उठत नाही, नुसती घुमते, आणि वेळेत बंद केली नाही तर जळते. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तरी तेच. म्हणून आबांच्या डोक्यात ते तीन दिवे कायम पेटलेले. पहाटे घरी आले की माय विचारायची, रात्री लाईट कशी होती, आणि ते रंगांत उत्तर द्यायचे: "निळा नव्हता बारापर्यंत." डीपीवर कोणीतरी जाऊन फ्यूज टाकला की निळा यायचा.

लेकीने मुख्य स्विच दाबला. टक् असा आवाज झाला, चारही पंखे फिरू लागले. दिवे एकही नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी यू-पिनेकडे. चारच्या चार खराब? इतकं दुर्दैव कोणाचं नसतं. परत स्विच बंद, तारा काढून लावल्या, परत चालू. पंखे फिरतायत, दिवे मुके. मी मनातल्या मनात परत पाठवायच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली होती. मग तिच्या लक्षात आलं, की या दिव्यांना नुसती वीज दिली तरी ते लागत नाहीत. त्यांना हुकूम लागतो.

हे मला नवीन होतं आणि आवडलं. आपल्या घरच्या दिव्याला वीज हाच हुकूम. पंख्यातल्या या दिव्यांत प्रत्येकाच्या पोटात एक चिप असते, आणि 5 व्होल्टच्या तारेशेजारून एक निरोपाची तार जाते. निरोप पोचवायची रीत आपल्या पंगतीसारखी आहे. पत्रावळींचा गठ्ठा पहिल्याच्या हातात देतात, तो आपली एक ठेवून घेतो आणि उरलेला शेजाऱ्याकडे सरकवतो. पहिला दिवा निरोपातला आपला तुकडा, 24 अंकांचा, काढून घेतो आणि बाकीचा पुढे ढकलतो. त्या 24 अंकांत लाल किती, हिरवा किती, निळा किती एवढंच लिहिलेलं. प्रत्येकाच्या 256 पायऱ्या, म्हणजे रंग झाले 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. एवढ्या रंगांना नावं द्यायची म्हटलं तर रावेर तालुक्यातले सगळे लोक बसवले तरी सुट्टी पुरायची नाही.

(इथे एक सावधगिरी. दिव्यांच्या जोडण्या दोन जातीच्या असतात, 3 पिनांची 5 व्होल्टची आणि 4 पिनांची 12 व्होल्टची. दिसायला सख्ख्या बहिणी. 5 ची 12 वर जबरदस्तीने बसवली की दिवे एकदाच काय ते छान लागतात.)

निरोप देणारी ती मागची पेटीच होती, आणि कॅबिनेटच्या डोक्यावरचं एक बारीक बटण तिचं होतं. लेकीने ते दाबलं. चारही पंख्यांत इंद्रधनुष्य फिरायला लागलं. लाल सरकत नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, परत लाल. दुपारचे चार वाजले होते, खिडकीला पडदा ओढलेला, आणि समोरच्या भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीच्या काचेत चार रंगीत चक्रं गरगरत होती. माय आतून हात पुसत आली आणि म्हणाली, गणपतीत हेच लावा.

गणपतीच्या माळा मला लगेच आठवल्या, कारण त्यांची तपासणी हे माझं लहानपणचं खातं. तेव्हाची माळ म्हणजे 6 व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागे एक ओवलेले, सिरीजमध्ये. त्यातला एक गेला की सगळी माळ काळी. कोण गेला ते कळायला मार्ग नाही. मेलेला आणि जिवंत शेजारी शेजारी सारखेच अंधारे. एक चांगला बल्ब हातात घेऊन पहिल्यापासून एकेकाच्या जागी घालत जायचं. या नव्या दिव्यांत तेवढी सुधारणा आहे. कुणाची चिप मेली तर तिथपर्यंतची पंगत जेवते, पुढची उपाशी राहते. निदान कुठे थांबलं ते दिसतं.

"सगळे लागले," लेक म्हणाली. स्विचकडे तिचा हात गेलासुद्धा होता.

आबा दारात येऊन उभे होते. चष्मा वर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "पिवळा कुठाय?"

"आबा, येतो ना मधूनच."

"मधूनच नाही. लाल हाये, हिरवा हाये, निळा हाये. पिवळा थांबत नाही. पिवळा फेज गेला तुमचा."

आम्ही दोघं हसलो. ती समजावायला लागली, की या दिव्यांत पिवळा मुळात नसतोच. आत तीनच ठिपके, लाल, हिरवा आणि निळा, आणि पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. आबांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. हळद आणि कुंकू कालवून नवा रंग होतो हे ठीक, पण लाल आणि हिरवं कालवून पिवळं? ते म्हणाले, दाखव.

ती बटण दाबत गेली. इंद्रधनुष्य थांबलं, श्वासासारखं चढउतार करणारं काहीतरी आलं, मग पाठलाग करणारं काहीतरी, आणि मग एकेक स्थिर रंग. लाल. हिरवा. निळा. आणि पिवळा आला. चारही पंखे पिवळे, पिकल्या केळीच्या सालीसारखे.

फक्त पुढच्या बाजूच्या मधल्या पंख्यात, घड्याळातल्या चारच्या जागी, एक ठिपका लाल.

आबांनी बोट दाखवलं नाही, नुसतं "हं" केलं.

त्या एका दिव्यातला हिरवा ठिपका मेलेला होता. इंद्रधनुष्य फिरत होतं तोवर तो कोणाला दिसण्यासारखा नव्हता. लाल आला की तो लाल व्हायचा, निळा आला की निळा, हिरव्याच्या वेळी क्षणभर विझायचा, पण तोवर चक्र पुढे गेलेलं. स्थिर हिरव्यावर तो विझला असणारच, पण लेकीचं बोट पिवळ्याच्या घाईत होतं. आम्ही परत हिरव्यावर आलो, खरंच, एक दात पडलेला. पांढऱ्यावर नेलं तर सगळे पांढरे आणि हा जांभळा.

मला तेव्हा गावातल्या वाइंडिंगवाल्याचा सिरीज बोर्ड आठवला. एका लाकडी फळीवर साधा बल्ब आणि दोन मोकळी टोकं. भरलेल्या मोटारीच्या वाइंडिंगला एक टोक, लोखंडी अंगाला दुसरं. बल्ब लागला तर वाईट बातमी. वीज अंगात उतरतेय. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं, दिवा लागला आणि मोठी माणसं हिरमुसली. पण दिव्याचं मूळ काम तेच, सांगणं. संगणकाच्याही बाबतीत ते तसंच होतं. 1975 साली आलेल्या अल्टेअर 8800 ला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. पुढे बटणांच्या ओळी आणि लाल दिवे. हिशेबाचं उत्तर त्या दिव्यांतून वाचायचं, कुठला लागला, कुठला विझला. यंत्राचं बोलणं तेवढंच. पुढे पडदे आले, दिव्यांचं बोलणं संपलं, आणि पुष्कळ वर्षांनी ते परत आले ते नटून, सांगायला काही नसताना. काचेतून दिसणाऱ्या या सोळा-सतरा कोटी छटांच्या, चुकलो, पावणेदोन कोटी छटांच्या थाटाला मी म्हणूनच नाक मुरडत होतो. पण त्या दुपारी, बोर्ड नसलेल्या रिकाम्या डब्यात, ते दिवे सांगत होते. त्यांना विचारणारा मात्र आमच्यात एकच होता, आणि त्याचं पॅनेल वेगळं होतं.

आबांच्या पॅनेलवरचे रंग तसे खोटे. साध्या बल्बवर लाल, पिवळी, निळी टोपी. लेकीच्या पंख्यातला रंग टोपी घालत नाही, तो ज्या पदार्थाचा आहे त्यातूनच त्या रंगाचा निघतो. लाल असा निघू लागला 1962 मध्ये, अमेरिकेत, निक होलोन्याक यांच्याकडून. निळा काही केल्या जमेना. झगझगीत निळा यायला 1993 उजाडलं, तेव्हा तो जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या एका आडगावच्या कंपनीत, शुजी नाकामुरा यांच्या हातून आला. त्यांना, आणि त्यांच्याआधी नागोयात या निळ्यापायी आयुष्य घालवलेल्या आकासाकी आणि अमानो यांना, 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा नव्हता तोवर पांढराही नव्हता. आज आमच्या ओट्यावरचा नऊ वॅटचा बल्बसुद्धा आतून निळाच आहे, वर पिवळट लेप. हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे याले बी टोपीच की.

मग वाद झाला. माझं म्हणणं, एक ठिपका आहे, त्यातला एक तृतीयांश मेलाय, कोण बघतो? पंखा वारा नीट देतोय. मी उदबत्ती लावून समोर धरली होती, धूर पुढून आत ओढला जात होता, मागून बाहेर पडत होता. काम होतंय. लेकीचं म्हणणं, तिला रोज दिसणार. एकदा दिसला तो रोज दिसणार. आबांना मी पंच केलं, कारण मला वाटलं इतकी वर्षं फाटक्या पाइपाला रबर बांधून चालवणारा माणूस माझ्या बाजूने बोलेल.

"आता वर हाये," आबा म्हणाले. "वर हाये तव्हर बदलून घ्या."

दुकानदाराला व्हिडिओ हवा होता, तोही कुठेही न थांबवता घेतलेला, खोक्यावरचा नंबर दिसणारा. तो काढला, पाठवला. मग फोटो हवा होता. मग त्यांनी विचारलं की इंद्रधनुष्याच्या वेळी दिसतो का दोष; नाही दिसत, म्हटल्यावर ते दोन दिवस गप्प. शेवटी पंखा बदलून आला. दहा दिवस गेले त्यात, आणि त्या दहा दिवसांत रिकामं कॅबिनेट ओट्यावरच होतं. काच लावलेली. लेकीने रोज संध्याकाळी यू-पिन घालून उरलेले तीन पंखे लावावेत आणि शेजारची पोरं जमावीत असा क्रम सुरू झाला. बदललेला पंखा आला त्या दिवशी आधी लाल, मग हिरवा, मग निळा, मग पिवळा, मग पांढरा, एकेकावर थांबून बघितलं. आबांना बोलावलं होतं. त्यांनी पिवळ्यावर मान हलवली आणि ते परत बंगईवर गेले.

मग बोर्ड बसला, तारा मागून बांधल्या, यंत्र पहिल्याच खेपेला सुरू झालं. यू-पिन मी आठवणीने काढून घेतली होती. आता लेक काम करताना दिवे बंद ठेवते. काचेतला उजेड पडद्यावर पडतो आणि रंग नीट कळत नाहीत म्हणते.

परवा शेतात गेलो होतो. पॅनेलवर लाल होता, निळा होता, पिवळा नव्हता, आणि आबांनी खुशाल मोटार चालू केली. मी ओरडलो. ते म्हणाले, फेज हाये, बल्ब गेलाय. उन्हाळ्यातच गेला तो. टेस्टर लावून बघतात आणि चालू करतात. रावेरच्या बाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, मी दर आठवड्याला जातो, आणि अजून आणलेला नाही.